शेवताईचा बर्फ

लवीना सिस्टरने सुई पुन्हा बाहेर काढली, दिगंबरच्या हातावर कापूस दाबला आणि कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. डावा हात वापरायचा नव्हता. डायलिसिसच्या दिवसांत त्या हाताने पुष्कळ सोसलं होतं आणि आता त्याला कुणी सुई लावायची नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. राहिला उजवा. त्याच्या शिरा इतक्या वेळा टोचून झाल्या होत्या की सुई जवळ आली की त्या आत दडून बसायच्या.

"सिस्टर, दुसऱ्या कोणाचं तरी घ्या. माझ्यातलं संपलं असेल," दिगंबर म्हणाला.

माझा नवरा घाबरला की विनोद करतो. त्या सकाळी तो फार विनोद करत होता.

शेवटी मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला एक शीर हाती लागली. रक्त आलं, पण अगदी नाइलाजाने आल्यासारखं. दोन नळ्या भरायच्या होत्या. एक भरली की सिस्टर ती हळूच उलटी करायची, मग सुलटी, पुन्हा उलटी. झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तशी. माझा जीव वर-खाली होत होता. आमचं पुढचं सगळं त्या दोन नळ्यांवर ठरणार होतं.

मी सवयीने फ्रीजकडे वळले, नळ्यांसाठी जागा करायला. सिस्टरने मला तिथेच थांबवलं.

"फ्रीजमध्ये नाही. बर्फ तर अजिबात नको. उन्हात नको, तापलेल्या गाडीत एकटी सोडायची नाही. आपण पंख्याखाली बसतो ना, तशी ठेवायची, बस."

"रक्त आणि बाहेर? नासणार नाही?"

"या नळीत औषध आहे. त्याने रक्तातल्या पेशी फुटत नाहीत, चांगल्या टिकतात. गार केलं तर मात्र बिघडतं." मला नीट कळलेलं नाही हे तिला दिसलं असावं. लवीना वेंगुर्ल्याची, बंदरावर वाढलेली. "हे बघा वहिनी, लिलावाच्या वेळी धक्क्यावर केवढा गलका असतो. त्यात तुम्हाला एकाच बाईची हाक ऐकायची आहे. म्हणजे शेवताईंच्या किडनीची. तिचे बारीक बारीक अंश साहेबांच्या रक्तात सांडतात, ते मोजायचे. साहेबांच्या स्वतःच्या पेशी नळीत शाबूत राहिल्या तर बाजार गप्प राहतो. त्या फुटल्या, तर सगळा बाजार एकदम ओरडायला लागतो. मग कसली हाक नि कसलं काय."

मला पटलं. मागच्या दारी टोप वाजल्यासारखं झालं, पण मी लक्ष दिलं नाही. मांजर असेल, म्हटलं.

शेवताई म्हणजे माझी थोरली नणंद, शेवंती; दिगंबर तिला बाय म्हणतो. नवरा लवकर गेला तशी ती माहेरी परतली आणि वडिलांचा मासळीचा धंदा आणि बर्फाचा कारखाना तिने असा काही हातात घेतला की मालवणच्या धक्क्यावर भलेभले तिला वचकून असायचे. बर्फावर तिची श्रद्धा. मासळी आली की बर्फ, ताप आला की बर्फ, कुणी धडपडलं की बर्फ. जगात जे जे टिकवायचं ते ते बर्फात घालायचं, एवढं तिचं साधं सरळ शास्त्र होतं. मी मिरजेची. बँकेतल्या नोकरीपायी मालवणात आले आणि काउंटरपलीकडे उभं राहून रोज काहीतरी विसरून परत येणाऱ्या दिगंबर रेवंडकरच्या प्रेमात पडून तिथलीच झाले. मी नवऱ्याला अरे-तुरे करते, बांगडा साफ करताना नाक मुरडते आणि मला पेज करता येत नाही, हे तिन्ही गुन्हे शेवताईने कधी माफ केले नाहीत.

मग दिगंबरच्या किडन्या गेल्या. माझी जुळली नाही. शेवताईची जुळली आणि तिने विचार करायलाही वेळ घेतला नाही. तिचं घर आमच्या घराला लागूनच. ऑपरेशनातून उठल्यावर ती रोज सकाळी पितळेच्या टोपातून उकड्या तांदळाची पेज घेऊन आमच्याकडे यायची आणि भावाने ती संपवीपर्यंत समोर उभी राहायची. मी बँकेत जायच्या गडबडीत इकडून तिकडे धावत असायचे आणि ती तिथे उभी, जणू मी घरात नव्हतेच. मला राग यायचा. जिने आपल्या नवऱ्याचा जीव वाचवला तिच्यावर रागावणार कसं, म्हणून तो जास्तच यायचा.

काही वर्षं बरी गेली. मग त्या ऑक्टोबरात दिगंबरचं क्रिएटिनिन वाढायला लागलं. गोव्याच्या डॉक्टर कामतांनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. एक तर दिगंबरचं शरीर त्या परक्या किडनीवर उलटलं असेल. तसं असेल तर जबर औषधं ताबडतोब द्यायला हवीत, नाहीतर किडनी हातची जाईल. किंवा कारण किरकोळ असेल. मग तीच औषधं देऊन आपण धडधाकट माणसाला आजारी पाडू. एरवी किडनीतला तुकडा काढून बघितला असता, पण हृदयातल्या स्टेंटमुळे दिगंबर रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत होता, त्यामुळे त्यात धोका होता. म्हणून ही रक्ताची तपासणी. किडनी मोडायला लागली असेल तर तिचे अंश रक्तात वाढलेले दिसतील. शेवताई तेव्हा आमच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. घरात आणखी काही देता का, काढा, चूर्ण, ताकदीचं असं काही, असंही डॉक्टरांनी विचारलं होतं. आम्ही नाही म्हणालो होतो.

नळ्या संध्याकाळपर्यंत पणजीच्या लॅबमध्ये पोचायला हव्या होत्या. तिथून त्या विमानाने पुढे जायच्या. कुडाळहून येणाऱ्या कुरियरवाल्याची गाडी नेमकी त्याच दिवशी बंद पडली. मी फोनवर कुणाकुणाला विनवत होते, तेवढ्यात शेवताई दारात उभी राहिली.

"माझो टेम्पो जाता मा गोयाक. चल माझ्यावांगडा," ती म्हणाली.

मासळी घेऊन गोव्याला रोज पास्कू ड्रायव्हर एकटाच जायचा. त्या दिवशी ती स्वतः निघाली. माझ्यावर तिचा भरवसा नाही म्हणून येते आहे, असं मी धरून चालले आणि गप्प बसले.

टेम्पोच्या पुढच्या भागात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. नळ्यांची पुठ्ठ्याची पेटी माझ्या मांडीवर होती. पाठीमागे सुरमई, सरंगे आणि ढीगभर बर्फ. ऑक्टोबरचं ऊन काचेतून सरळ अंगावर येत होतं. मी पेटीवर ओढणी धरली, मग ओढणीने जास्त उबेल असं वाटून काढली, मग पुन्हा धरली. झाकण उघडून नळ्या बघितल्या. पास्कूने खड्ड्यात गाडी घातली की त्याच्यावर खेकसले. रक्त आहे की दही, वहिनी, इतकं का जपता, असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याच्यावर आणखी एकदा खेकसले.

एरवी जिच्या तोंडाला विसावा नसतो ती शेवताई एक शब्द बोलत नव्हती. सावंतवाडी मागे पडल्यावर तिने एकदम विचारलं, "ह्या रगतात सगळा कळता?"

"म्हणजे?"

"माणसान काय खाल्ल्यान, काय प्याल्यान, ता?"

मला तिच्याशी वाद घालायची ताकद नव्हती. सगळं कळतं, म्हणून मी टाकलं आणि बाहेर बघायला लागले.

पत्रादेवीला, गोव्याच्या हद्दीवर, मासळीच्या गाड्यांची रांग होती. तिथे मासळी तपासल्याशिवाय गाड्या आत सोडत नव्हते. आमचा नंबर यायला वेळ होता. मी पेटी शेवताईच्या हातात दिली, सावलीत धरा म्हणून बजावलं आणि तोंडावर पाणी मारायला पलीकडच्या हॉटेलात गेले. परत आले तेव्हा तपासणी उरकली होती. पास्कू मागचं दार लावत होता. शेवताई आपल्या जागेवर बसली होती आणि तिची मांडी रिकामी होती.

"पेटी कुठे आहे?"

"मागे," ती म्हणाली. "बर्फात."

मला आधी कळलंच नाही. कळलं तशी मी मागे धावले, पास्कूला दार उघडायला लावलं आणि दोघांनी मिळून क्रेट उपसायला सुरुवात केली. ती पेटी वर नुसती ठेवलेली नव्हती. सुरमईच्या खाली, बर्फाच्या चुऱ्यात चांगली दाबून पुरली होती. पुठ्ठा भिजून लगदा झाला होता. नळ्या हातात घेतल्या तर बोटांना चटका बसावा इतक्या गार. मी त्या तळहातांत धरून तिथेच, माशांच्या पाण्यात, रडत उभी राहिले.

मग राग आला. मला माणसांसमोर बोलायची लाज वाटते, पण त्या दिवशी वाटली नाही. रांगेतल्या ड्रायव्हरांसमोर मी माझ्या थोरल्या नणंदेला नको ते बोलले. तुमच्या डोक्यातसुद्धा बर्फच भरलाय का, असं मी म्हणाले. तुमच्या अडाणीपणाने तो मरेल, असंही म्हणाले. एरवी मला एका नजरेने गप्प करणारी बाई मान खाली घालून ऐकत राहिली. ते बघून माझा राग थांबला आणि मला दुसरीच काळजी लागली. शेवताई कधी कुणाचं ऐकून घेत नाही.

पास्कू शहाणा माणूस. चहा पितो म्हणून तो निघून गेला.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"बर्फात घालूचा नाय ता. सिस्टर सांगत होती तेव्हा मी मागल्या दारात होतंय. पेजेचो टोप न्हेऊक इललंय."

तिने पदराने नाक पुसलं आणि समोरच्या काचेकडे बघत, एखाद्या परक्या बाईबद्दल सांगावं तसं सांगितलं. पावसाळ्यापासून ती दिगूच्या पेजेत गुळवेलीचा रस घालत होती. घरामागच्या परड्यातल्या आंब्यावर चढलेली गुळवेल, रोज ताजी तोडून, ठेचून. ऑपरेशननंतर तिला स्वतःला उठवत नव्हतं, तेव्हा तोच रस पिऊन ती पायावर उभी राहिली होती. दिगंबरच्या अंगात जोर नाही, तो चढ चढताना थांबतो, हे तिला बघवत नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी घालू दिलं नसतं. त्याला सांगितलं असतं तर तो प्याला नसता.

"किडनी माझीच मा," ती म्हणाली. "म्हटलां, माका चलला ता तेका चलतला."

"डॉक्टरांनी विचारलं होतं तुमच्यासमोर."

"तेव्हाच बंद केलंय. त्याच दिवशी. पन तोंड उघडूक धीर झालो नाय. म्हटलां, ह्या रगत नासला तर दुसरा घेतीत. तोवर रस अंगातसून जायत. रिपोर्टात गावाचो नाय."

म्हणजे ती मुद्दाम टेम्पोत बसली होती. बर्फ घातला तर शेवताईची जुनी खोड म्हणून सगळे हसतील, कुणाला संशय यायचा नाही, हे तिने मालवणात असतानाच हेरलं होतं. मला तिला गाडीतून खाली ढकलावंसं वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं की या बाईने किती दिवस हे एकटीने पोटात ठेवलं असेल. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगते.

डॉक्टरांना फोन करणं भाग होतं. ती शेजारी बसलेली असतानाच मी केला. नमुना बर्फात गेला, एवढं आधी सांगितलं. मग गुळवेलीचं सांगितलं.

"कोणी दिली?" डॉक्टरांनी विचारलं.

नणंदेचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. शेवताईचा हात कमरेजवळ गेला होता, साडीवरून, जिथे टाके पडले होते तिथे. ती तिची सवय होती. विचारात पडली की हात तिथे जायचा. डॉक्टर कामत सडेतोड माणूस. पुढच्या भेटीत ते दिगंबरला शब्दन् शब्द सांगणार. मग दिगंबर घरी येणार आणि शेवताई पेजेचा टोप घेऊन त्याच्या समोर उभी राहणार.

"मी," मी म्हणाले.

त्यानंतर डॉक्टरांनी मला जसं झापलं तसं आयुष्यात कुणी झापलं नाही. बँकेत काम करता ना, चार बुकं शिकलात ना, विचारलं तेव्हा खोटं का बोललात. आम्ही गोळ्या देऊन शरीराची चढाई दाबून धरतो, कारण ती त्या किडनीवरच होते, आणि तुम्ही मागच्या दाराने त्या चढाईलाच खुराक देता. त्यामुळेच हे झालं असेल असं मी म्हणत नाही, नसेलही, पण एक थेंब पुन्हा जाता कामा नये. ओरडून झाल्यावर ते शांत झाले. गारठलेल्या नळ्या पाठवू नका, त्यांच्यावर विश्वास ठेवून औषध ठरवता येणार नाही. लॅबमधून नव्या नळ्या घ्या, उद्या सकाळी पुन्हा रक्त काढा. हे कळलं ते बरं झालं, असंही शेवटी म्हणाले.

मी फोन ठेवला. आवाज इतका मोठा होता की शेवताईने सगळं ऐकलं होतं.

"कित्याक?" तिने विचारलं.

का ते सांगायचं सोडून पास्कूला हाक मारा, मासळी खराब होईल, असं काहीतरी मी बोलले. पणजीच्या लॅबमधून नव्या नळ्या घेतल्या.

परत आलो तेव्हा दिगंबर खळ्यात, घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बसला होता. अजून उजेड होता. पेटी बर्फात गेल्याचं मी सांगितलं, शेवताईची सवय म्हणूनच सांगितलं, आणि तो हसला. शेवताई आमच्याकडे न बघता सरळ तिच्या घरात निघून गेली. मग त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"डॉक्टरांचा फोन आला होता. तू माझ्या पेजेत गुळवेल घालत होतीस म्हणे."

"हो."

"कधी?"

"सकाळी. रोज."

"कुंदा, तुला पेज करता येते?"

मी चपला काढायला वाकले.

"टोप बायच्या चुलीवरून येतो. तिच्या हातातून माझ्या हातात. मी तळ दाखवीपर्यंत ती जागची हलत नाही. त्यात तू कधी शिरलीस?"

खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"कडू लागायची. पहिल्या दिवसापासून."

"मग प्यालास कशाला? तोंड नव्हतं तुला? निदान मला सांगायचंस." माझा आवाज चढला. दिवसभर धरून ठेवलेलं सगळं त्या माणसावर निघायला लागलं. "मरायला निघाला होतास, आणि नुसता पीत बसलास?"

दिगंबर माझ्याशी नेहमी पुस्तकी बोलतो. फार लागलं तरच त्याची मालवणी बाहेर येते.

"बायन माका किडनी दिल्यान," तो म्हणाला. "तिच्या पेजेक मी नको कसा म्हणू, तूच सांग."

मी खाली पायरीवर बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या घरात त्या किडनीचं ओझं फक्त मला होतं.

"तूच घातलीस," तो म्हणाला. "आता तेच ठरलं. बायला काही बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी लवीना सिस्टर आली. नव्या नळ्या तिने टेबलावर मांडल्या. दिगंबर हात पुढे करीना. पेज आली नाही, म्हणाला, पेज आल्याशिवाय मी रक्त देणार नाही. या तपासणीला उपाशी राहायची गरज नव्हती, म्हणून सिस्टरही काही बोलली नाही. मी शेजारच्या घरात गेले. शेवताई चुलीपुढे बसली होती. पेज शिजलेली होती, झाकलेली होती, आणि ती तिथेच बसून होती.

"तो वाट बघतोय," मी म्हणाले.

ती आली. रोज त्याच्या समोर उभी राहायची, त्या दिवशी दाराशीच थांबली. दिगंबरने टोप तोंडाला लावला, सावकाश, मध्ये न थांबता पेज संपवली आणि रिकामा टोप तिच्यापुढे धरला.

"बाये," तो म्हणाला, "हल्ली पेज गोड लागता."

तिने टोप घेतला. आधी तिला कळलं नाही. मग कळलं. ती दारातच, उंबऱ्यावर, टोप पोटाशी धरून खाली बसली आणि पदर तोंडावर घेतला. दिगंबर तिच्याकडे बघत नव्हता. त्याने हात सिस्टरपुढे पसरला होता आणि काल सापडलेली शीर आज पळाली असेल, असा काहीतरी विनोद तो करत होता.

शीर दुसऱ्या प्रयत्नात मिळाली. नळ्या भरल्या, उलट्या-सुलट्या झाल्या, पेटीत गेल्या. ती पेटी शेवताईने मागून घेतली. मी हो-ना करत होते, पण सिस्टरने देऊन टाकली.

पुन्हा तोच टेम्पो, तोच रस्ता, तेच ऊन. शेवताईने पेटी मांडीवर ठेवली, वर पदराची सावली धरली आणि दुसरा हात पेटी आणि काच यांच्या मध्ये आडवा घातला. त्या हातावर ऊन पडून तो लाल झाला, तरी तिने काढला नाही. पास्कूला तिने खड्ड्यावरून माझ्यापेक्षा वाईट शिव्या दिल्या. पत्रादेवीला तपासणीची माणसं आली आणि मालकीणबाईंनी मागे येऊन क्रेट दाखवावेत, असं म्हणाली. एरवी मासळीला परका हात लागलेला तिला खपत नसे.

"तुमीच बगा काय ता," ती म्हणाली. "मी हंयसून हलाचंय नाय."

रिपोर्ट आला तेव्हा किडनीच्या अंशांचा आकडा वाढलेला होता. शरीर उलटायला लागलं होतं, पण पुरतं उलटलं नव्हतं. दिगंबरला जबर औषधं घ्यावी लागली, तोंड सुजलं, झोप उडाली, पुष्कळ वाईट दिवस गेले. किडनी मात्र राहिली. या गोष्टीला बरीच वर्षं झाली आणि ती अजून चालते आहे.

घरी कुणी पाहुणे आले की दिगंबर त्यांना हमखास सांगतो, आमच्या हिने मला चोरून गुळवेल पाजली, वर डॉक्टरांच्या शिव्याही खाल्ल्या. पाहुणे हसतात, मीही हसते. शेवताई वाढत असते. ती काही बोलत नाही, फक्त त्या दिवशी सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात पडते. अलीकडे तिला चुलीपुढे फार वेळ बसवत नाही. मी तिला कितीदा म्हटलं, मला पेज करायला शिकवा, सकाळचं मी बघते. ती ऐकत नाही. तुका जमाची नाय, म्हणते, आणि टोप घेऊन येते.